शिकाऊ माळ्याला काय काय यावे

उद्यानकाम म्हणजे जमीन, पाणी आणि झाडे यांचा मेळ घालून एखादी जागा वापरण्याजोगी व देखणी करणे आणि पुढे ती तशीच राखणे. बंगल्याचे आवार, शाळेचे मैदान, कारखान्याची वसाहत, नगरपालिकेची बाग, रस्त्याकडेची झाडे ही सारी या कामाची ठिकाणे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशा कामाला तोटा नाही. महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेले, सातारा आणि कराडच्या वाढत्या वसाहती, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची उद्याने, साखर कारखान्यांची आवारे, सगळीकडे माळी लागतो. या कामात येणारी मुले-मुली बहुधा शेतकऱ्यांच्या घरची असतात. खुरपे, कुदळ, विळा त्यांच्या हातात आधीपासून बसलेला असतो. तरी शेत आणि बाग यांत एक मोठा फरक आहे. शेतातले पीक हंगामाला निघते आणि चुकले तर पुढच्या वर्षी सुधारता येते. बागेत लावलेले झाड पन्नास वर्षे त्याच जागी उभे राहते आणि लावताना राहिलेला दोष कधी आठ-दहा वर्षांनी दिसतो. तोवर लावणारा माळी दुसरीकडे गेलेला असतो. त्यामुळे या कामाचे मूलभूत ज्ञान ओळीने शिकावे लागते, नुसत्या सरावाने ते पुरते येत नाही.

पहिला धडा हवामानाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास घोटाळतो. दोहोंत अंतर शे-दोनशे किलोमीटरचे. पश्चिमेला जांभ्या दगडाची आम्लधर्मी तांबडी माती, कृष्णा-कोयनेच्या काठाने खोल काळी, पूर्वेला मुरमाड माळ. इतक्या थोड्या अंतरात जमीन आणि पाऊस एवढे बदलत असतील, तर दोन्ही जिल्ह्यांना चालेल अशी झाडांची एकच यादी होऊच शकत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी लागवडीची यादी जागा पाहून होत नाही, रोपवाटिकेत त्या आठवड्यात काय आले आहे ते पाहून होते. या भागातल्या बागांचे सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने केले आहे.

जागेला न मानवणारे झाड सरकारी पाठबळानेही टिकत नाही, हे या भागाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला एकोणिसाव्या शतकात सिंकोनाची लागवड करण्यात आली. हिवतापावरचे क्विनाइन या झाडाच्या सालीतून निघते. थंड हवा, उंची, भरपूर पाऊस असे सगळे जमून आल्यासारखे वाटत होते, पण हा प्रयोग सोडून द्यावा लागला. एकूण पाऊस किती पडतो याच्याइतकेच तो वर्षभरात कसा वाटला जातो यालाही महत्त्व असते. चार महिने धोधो पाऊस आणि आठ महिने जवळपास कोरडे हा सह्याद्रीचा पाऊस सगळ्याच झाडांना सोसत नाही. याउलट पाचगणीत इंग्रजांच्या काळात आणलेला सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा वृक्ष तिथे असा रुजला की आज तो त्या गावची ओळख झाला आहे. म्हणजे देशी की परदेशी हा प्रश्न दुसरा, झाडाला जागा मानवते का हा पहिला.

दुसरा धडा मातीचा, आणि तो हातांनीच शिकायचा. मूठभर माती ओली करून तिची वळी करून पाहावी. लांब वळी न तुटता वळली तर चिकणमाती जास्त आहे. वळी होते पण वाकवताना तुटते, ती पोयट्याची. वळीच होत नसेल तर वाळू किंवा मुरूम जास्त. मग निचरा पाहायचा. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून तो पाण्याने भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर निचरा कमी आहे. दिवस उलटला तरी पाणी तसेच असेल तर आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी, झाडाचा विचार नंतर. मातीवर सौम्य आम्लाचे दोन-चार थेंब टाकल्यावर ती फसफसली तर तीत मोकळा चुना आहे असे समजावे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हे बऱ्याच ठिकाणी दिसते.

चुन्याचा परिणाम पानांवर वाचता येतो. एक्झोरा, गुलाब, लिंबू यांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. नवशिका माळी पिवळे पान पाहिले की युरिया टाकतो आणि पाणी वाढवतो. पाणी साचले की लोह घेणे आणखी अवघड होते आणि झाड जास्तच पिवळे पडते. इथे शेणखत वाढवणे, निचरा सुधारणे आणि चिलेटेड स्वरूपातले लोह देणे हा उपाय आहे. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर मात्र कमतरता नत्राची असण्याचा संभव जास्त. पिवळेपणा कोवळ्या पानांत आहे की जुन्या, एवढे एक पाहायला शिकले तरी खताचा अर्धा खर्च वाचतो.

सांगली जिल्ह्यात याहून मोठी अडचण क्षारपड आणि चोपण जमिनीची आहे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत वर्षानुवर्षे पाट भरभरून दिलेल्या पाण्याने भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. जमिनीवर पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी पूर्वेच्या दुष्काळी भागालाही पाणी मिळाले. तिथल्या माळ्यांनी कृष्णाकाठचा हा अनुभव आजच ध्यानात घ्यायला हवा. क्षारपड जागेत करंज, कडुनिंब, विलायती चिंच, अर्जुन यांसारखी सोशिक झाडे निवडावीत आणि चर खोदून पाण्याचा निचरा करावा. वरून चांगली माती टाकून हिरवळ अंथरणे हा तिथे पैशाचा अपव्यय आहे, कारण क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात.

वाफसा ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला सांगावी लागत नाही, पण बागेत ती हमखास विसरली जाते. मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताने असणे म्हणजे वाफसा. वाफसा यायच्या आधी काळ्या मातीत बांधकामाचे गवंडी, सुतार, ट्रॅक्टर फिरले आणि वाळूचे ढीग पडले की माती दाबून घट्ट होते. बांधकाम संपल्यावर वर चार इंच पोयटा टाकून ही दाबलेली जमीन झाकली जाते आणि दोन वर्षांनी झाडे का वाढत नाहीत याचे कोडे पडते. माती फूट-दीड फूट खोल मोकळी करून घेतल्याशिवाय लागवडीला हात घालू नये, हे शिकाऊ माळ्याला घरमालकाला स्पष्ट सांगता आले पाहिजे.

प्रत्यक्ष झाड लावणे हे या कामातले सर्वांत साधे दिसणारे आणि सर्वांत जास्त चुका होणारे काम आहे. मोठ्या वृक्षासाठी दोन ते तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा एप्रिल-मे महिन्यात काढून उन्हात तापू देतात. मुरमाड माळावर खड्डा मोठा घ्यावा आणि चांगली माती, शेणखत मिसळून भरावा. भारी काळ्या जमिनीत मात्र खड्ड्यात नुसती भुसभुशीत माती भरली तर तो खड्डा बादलीसारखा पाणी धरून बसतो आणि मुळे कुजतात. तिथे काढलेलीच माती थोडे शेणखत मिसळून परत भरावी आणि खड्ड्याच्या कुदळीने गुळगुळीत झालेल्या बाजू ओरबाडून खडबडीत कराव्यात. रोपाची पिशवी पूर्ण काढावी. ती मुळांना धरून ठेवील म्हणून तशीच पुरणारे अजून आहेत, त्यांची झाडे पहिल्या मोठ्या वाऱ्यात आडवी होतात. पिशवीच्या तळाशी मुळे गोल फिरलेली असतील तर ती कापावीत आणि मातीच्या गड्ड्याला तीन-चार ठिकाणी उभी चीर द्यावी. फिरलेली मुळे तशीच राहिली तर ती जाड होत जाऊन पुढे खोडालाच आवळतात.

रोप किती खोल लावायचे याला एक खूण आहे. खोड जिथे रुंदावून मुळांकडे वळते तो भाग जमिनीच्या पातळीला दिसला पाहिजे. तो मातीखाली गेला की खोडाची साल सतत ओली राहते आणि कुजते. माती भरून दाबून झाली की आळे करताना ते खोडापासून दूर करावे आणि झाड वाढेल तसे रुंदावत न्यावे, कारण पाणी घेणारी बारीक मुळे पसाऱ्याच्या कडेला असतात. वरून तीन-चार इंच आच्छादन घालावे. या दोन जिल्ह्यांत उसाचे पाचट मुबलक मिळते. शेतात ते पेटवून देण्यापेक्षा बागेत अंथरले तर ओल टिकते, तण दबते आणि माती सुधारते. फक्त ते खोडाला टेकू द्यायचे नाही. आधाराची काठी लावली तर दोरी आठच्या आकड्यात, सैल बांधावी आणि वर्षभरात काढावी.

पाण्याचा हिशेब प्रत्येक माळ्याला तोंडपाठ हवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले तर शंभर चौरस मीटरला रोज सहाशे लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा निकष लावला तर हे चार-पाच माणसांच्या घराचे पाणी झाले. जतला किंवा म्हसवडला बंगल्यापुढे मोठी हिरवळ मागणाऱ्याला हा आकडा दाखवावा. तिथे फरसबंद अंगण, एखादा मोठा कडुनिंब आणि कडेने सोशिक झुडपे शोभतात आणि परवडतात. नव्या झाडाला ठिबकवर ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर दोन तास चालवले तर सोळा लिटर पाणी मिळते. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दिवसाआड किंवा दोन दिवसांआड खोलवर पाणी दिले की मुळे खाली जातात. पाणी द्यायचे की नाही हे वरची माती पाहून ठरवू नये. बोटभर खोल उकरून पाहावे.

छाटणीच्या बाबतीत सांगली जिल्ह्याला शाळा शोधायला नको. तासगाव भागातल्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीत वेलीवर पुढच्या फळासाठी काडी तयार केली जाते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या काडीवर घड येतात. कात्री एकच, पण हेतू निराळा, म्हणून डोळे किती राखायचे तेही निराळे. हीच दृष्टी बागेत आणायची असते. गुलाब ऑक्टोबरमध्ये छाटला की साधारण दीड महिन्यात फुलतो. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, तेव्हा बहर ओसरला की ती छाटावी. उन्हाळ्यात फुलणारा बहावा हिवाळाअखेरीस छाटला तर त्या वर्षीची फुले गेली. कोणत्या लाकडावर फूल येते हे ठाऊक नसेल तर कात्री खिशात ठेवलेली बरी.

मोठी फांदी उतरवताना तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या पाव-एक जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, पूर्ण. फांदी आपल्या वजनाने तुटते, पण खालच्या कापामुळे खोडाची साल सोलत जात नाही. मग राहिलेले थोटूक तिसऱ्या कापाने काढायचे. फांदीच्या बुडाशी साल किंचित फुगून कडे झालेले असते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा, कडे कापू नये आणि थोटूकही ठेवू नये. या कड्यातूनच झाड जखम भरून काढते. फळझाडांच्या मोठ्या कापांवर मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर या प्रमाणातली बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आहे. विजेच्या तारांखाली झाडांचे शेंडे सरसकट उडवण्याचे जे काम दर पावसाळ्याआधी दिसते त्याला छाटणी म्हणता येत नाही. शेंडा उडवलेल्या ठिकाणी फुटणारे धुमारे खोडाला नीट जोडलेले नसतात आणि काही वर्षांनी तेच मोडून पडतात. तारांखाली लहान चणीचे झाड लावणे हाच यावरचा खरा उपाय.

अभिवृद्धीत मोगरा, जास्वंद, कण्हेर, बोगनवेल फाटे कलमाने होतात, डाळिंब गुटीने, आंबा पाचर कलमाने, गुलाब डोळा भरून. खुंट कशासाठी लागतो हेही द्राक्षबागेत नीट कळते. क्षार आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून इथे डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम केले जाते. खोडाखालचे निम्मे झाड वेगळ्या जातीचे आहे हे माळ्याने विसरू नये. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट ही खुंटाची, ती दिसताच काढून टाकायची. गुलाबाच्या वाफ्यात बिनकामाचा रानगुलाब माजलेला दिसतो तो ही काळजी न घेतल्यामुळेच.

झाडे ओळखणे हे वर्षभर चालणारे काम आहे. पान, साल, खोड, फूल, फळ या साऱ्यांवरून ओळख पटली पाहिजे. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, शाळेच्या किंवा बालवाडीच्या आवारात त्या लावू नयेत. गाजरगवताने काहींच्या अंगावर पुरळ येते, ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून तो सर्रास लावला गेला, पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घाईच्या हिरवाईपेक्षा बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, कांचन, आपटा, पळस, काटेसावर, पूर्वेकडे हिवर, बोर आणि खैर अशी आपल्या हवेत मुरलेली झाडे केव्हाही अधिक भरवशाची.

आखणीसाठी गवंड्याची साधने पुरतात. तीन, चार आणि पाच फुटांच्या बाजूंचा त्रिकोण दोरीने घातला की काटकोन मिळतो. पाण्याच्या पारदर्शक नळीने दोन टोकांची पातळी समजते. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दहा मीटरला दहा सेंटिमीटर एवढा तरी उतार हवा. नकाशावर १:१०० असे प्रमाण असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर, एवढे वाचता आले की माळी मजुराचा कारागीर होतो. वड, पिंपळ, उंबर घराच्या भिंतीपासून, विहिरीपासून आणि सांडपाण्याच्या नळापासून दूर ठेवावेत.

फवारणीचे औषध हातात घेण्याआधी डब्यावरचा रंग वाचायला शिकवावे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी चैनीच्या नाहीत. बागेतल्या बऱ्याच मावा आणि पिठ्या ढेकणावर पाण्याचा जोराचा फवारा, किडके शेंडे खुडणे आणि निंबोळी अर्क एवढ्यावर काम भागते. पालापाचोळ्यात घोणस, मण्यार असू शकते. हात घालण्याआधी काठीने ढीग हलवावा.

सांगलीच्या माळ्याला पुरानंतरचे कामही यावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि बागा कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. पाणी ओसरले की गाळात लगेच पाय घालू नये, वाफसा येऊ द्यावा. मग खोडाभोवती चढलेला गाळ काढून बुंधा मूळ पातळीपर्यंत मोकळा करावा, चर काढावेत आणि नवी फूट दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नये. पाने गळाली म्हणून झाड मेले असे समजून तोडण्याची घाई करू नये. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ नुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. मोठ्या आस्थापनांनी तिचा लाभ माळ्यालाही द्यावा.

या साऱ्याचे फळ पाहायचे असेल तर दोन ठिकाणी जावे. कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांच्या मदतीने कारखाना आणि झाडीची वसाहत उभारली, तीच किर्लोस्करवाडी. दुसरे सागरेश्वर. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्याबोडक्या डोंगरावर झाडे राखली गेली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे ते मानवनिर्मित अभयारण्य जाहीर झाले. दोन्ही ठिकाणी झाडे लावण्यापेक्षा ती पुढे राखण्याला जास्त वर्षे लागली. म्हणून नगरपालिका, कारखाने आणि घरमालक यांनी माळीकामाचा करार करताना त्यात लागवडीनंतरच्या तीन उन्हाळ्यांची निगा लिहून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली झाडे मोजून द्यावा.